पागेची पहिली पायरी

वसई-विरारहून चर्चगेटकडे जाणाऱ्या आपल्या वाचकांना महालक्ष्मीचे रेसकोर्स दुरून तरी परिचयाचे आहे. १८८३ पासून तेथे घोडे धावत आहेत. शर्यत म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर रंगीबेरंगी रेशमी सदरे घातलेले जॉकी, उंची पोशाखातील मालक आणि पैज लावणाऱ्यांची झुंबड उभी राहते. पैजेचे व्यसन किती संसारांना बुडवते हे आपण सारे जाणतो आणि तिचे समर्थन करण्याचा आमचा हेतू नाही. आम्हांला ह्या लेखात वेगळ्याच गोष्टीकडे लक्ष वेधायचे आहे. शर्यत दोन-अडीच मिनिटांत आटोपते. परंतु त्या दोन मिनिटांसाठी वर्षभर पहाटे उठून राबणारी माणसे पागेत असतात. ती तेथे कशी शिरतात, पहिल्या दिवशी त्यांच्या हाती काय पडते, पुढे कोणाला वर चढता येते आणि कोणाला येत नाही, ह्याचा इतिहास शर्यतींच्या इतिहासाइतकाच जुना आहे व त्याहून अधिक बोधप्रद आहे.

हा इतिहास ज्या भूमीत सर्वांत ठळकपणे लिहिला गेला, ती म्हणजे अमेरिकेतील केंटकी राज्याची भूमी. हिरव्या कुरणांच्या ह्या प्रदेशात लेक्सिंग्टन आणि लुइव्हिल ही दोन शहरे घोड्यांसाठी जगप्रसिद्ध आहेत. तेथील पागांतून गेल्या दीडशे वर्षांत जे घडले, त्याचा मागोवा घेण्याचा हा अल्पसा प्रयत्न आहे.

पागेतील शाळा

प्रथम हे काम कसे चालते ते पाहू. अमेरिकेतील मोठ्या रेसकोर्सवर प्रेक्षकांच्या गॅलरीसमोर, धावपट्टीच्या पलीकडे एक मागचे आवार असते. लांबच लांब तबेल्यांच्या रांगा, गवताच्या गंजी, पाण्याच्या बादल्या आणि कामगारांच्या खोल्या ह्यांनी ते गजबजलेले असते. पहाटे चार-पाचच्या सुमारास तेथे दिवस सुरू होतो व सकाळी दहा-अकरापर्यंत मुख्य काम उरकलेले असते.

नवख्या माणसाला तेथे घोड्यावर कोणी बसवत नाही. त्याच्या हाती प्रथम येते ते फावडे. रात्रभर साचलेली लीद उपसायची, ओले गवत काढून कोरडे अंथरायचे, बादल्या घासून भरायच्या. काही दिवसांनी त्याच्या हाती दोर येतो. दौड करून आलेला घोडा घामाने निथळत असतो, त्याच्या नाकपुड्या फुललेल्या असतात. त्याला तसाच ठाणावर बांधून चालत नाही. अर्धा-पाऊण तास हळूहळू फिरवून, मध्येमध्ये थोडे थोडे पाणी पाजून त्याचे अंग निववावे लागते. हे काम करणाऱ्याला तेथे ‘हॉट वॉकर’ म्हणतात. पागेच्या शिडीची ही पहिली पायरी होय. काम सोपे दिसते, पण पाचशे किलोंच्या आणि बुजऱ्या स्वभावाच्या जनावराशी ती पहिली ओळख असते. त्याच्या मागून कधी जायचे नाही, डावीकडून जायचे, हात लावण्याआधी त्याच्याशी बोलायचे, त्याचे कान काय सांगतात ते पाहायचे, हे धडे पुस्तकात मिळत नाहीत.

दुसरी पायरी मोतद्दाराची. त्यालाच महालक्ष्मीच्या आवारात सईस म्हणतात. त्याच्याकडे तीन-चार घोडे सोपवलेले असतात. खरारा करणे, खूर साफ करणे, पायांना पट्ट्या बांधणे, चंदी घालणे आणि घोड्याने ती खाल्ली की नाही हे पाहणे, ही सारी त्याची कामे. रोज सकाळी तो घोड्याचे चारही पाय हाताने चाचपतो. गुडघ्याखालची शीर किंचित जरी गरम लागली, तरी ती त्याच्या बोटांना कळते. मोठी दुखापत होण्याआधी मिळणारी ती पहिली सूचना असते. मोतद्दाराचे बोट चुकले तर मालकाचे लाखो रुपये आणि जॉकीचा जीव दोन्ही धोक्यात येतात.

तिसरी पायरी म्हणजे पहाटेच्या दौडीसाठी घोड्यावर बसणारा स्वार. ट्रेनर सांगेल त्या गतीने, सांगेल तेवढेच अंतर घोडा पळवायचा, एक पळही पुढे-मागे नाही, ह्याची सवय त्याला करावी लागते. त्यातील हलक्या वजनाचा, थंड डोक्याचा एखादा मुलगा पुढे उमेदवार जॉकी होतो. उमेदवाराला वजनात सूट असते; अमेरिकेत ती प्रारंभी १० पौंडांची असते आणि विजय वाढत जातील तशी कमी होत जाते. ह्या पायऱ्या चढून गेलेल्यांतूनच जॉकी, ट्रेनर आणि क्वचित मालकही निर्माण झाले. शिडी खरी आहे, ह्यात शंका नाही. परंतु ती सर्वांसाठी सारखीच उभी होती काय? केंटकीच्या इतिहासाला हाच प्रश्न विचारायचा आहे.

गुलामांच्या हातातील विद्या

अमेरिकेच्या दक्षिणेत घोडे बाळगणारे जमीनदार गोरे होते. त्यांची निगा राखणारे हात मात्र गुलामांचे होते. लीद उपसण्यापासून शिंगरू वळणावर आणण्यापर्यंत सारी कामे कृष्णवर्णीय गुलामच करीत. त्यामुळे एक विलक्षण गोष्ट घडली. ज्या माणसांना अक्षरओळख होऊ नये म्हणून समाज झटत होता, त्यांच्याच हाती अश्वविद्येचे सारे भांडार आले. बापाकडून मुलाकडे, म्हाताऱ्या मोतद्दाराकडून पोरसवदा स्वाराकडे ती विद्या पिढ्यान्‌पिढ्या उतरत गेली.

अॅन्सेल विल्यमसन हे ह्या परंपरेतील एक थोर नाव. व्हर्जिनियात गुलाम म्हणून जन्मलेला हा पुरुष एका मालकाकडून दुसऱ्याकडे विकला गेला आणि शेवटी केंटकीतील रॉबर्ट अलेक्झांडर ह्या धनाढ्य अश्वपालकाच्या पागेत आला. त्याच पागेत एडवर्ड ब्राउन नावाचा एक मुलगा होता. १८५० मध्ये गुलामगिरीत जन्मलेला हा मुलगा बालपणीच विकत घेतला गेला होता. पागेत घोड्यांना किंमत होती तशीच ह्या मुलालाही होती. दोघांच्याही किमती वहीत लिहिल्या जात. त्याने तबेल्यातील पोऱ्या म्हणून सुरुवात केली, पुढे तो स्वार झाला, १८७० मध्ये त्याने ‘किंगफिशर’ ह्या घोड्यावर बेल्मॉन्ट स्टेक्स ही प्रतिष्ठेची शर्यत जिंकली आणि नंतर ट्रेनर होऊन १८७७ ची केंटकी डर्बी जिंकणारा ‘बॅडन-बॅडन’ हा घोडा त्याने तयार केला. शिडीच्या तळापासून माथ्यापर्यंतचा हा प्रवास एका माणसाने एका आयुष्यात केला.

अमेरिकेतील यादवी युद्ध १८६१ ते १८६५ ह्या काळात झाले. लिंकन ह्यांचा मुक्तीचा जाहीरनामा केंटकीला लागू नव्हता, कारण ते राज्य संघराज्यातून फुटले नव्हते. तेथील गुलामांना कायद्याने पूर्ण स्वातंत्र्य मिळाले ते डिसेंबर १८६५ मध्ये, तेराव्या घटनादुरुस्तीमुळे. मुक्त झालेल्या माणसांजवळ जमीन नव्हती, पैसा नव्हता. घोड्यांची विद्या तेवढी होती. साहजिकच ते पागांतच राहिले; मात्र आता त्यांच्या कामाला मजुरी मिळू लागली.

१७ मे १८७५ रोजी लुइव्हिलमध्ये पहिली केंटकी डर्बी झाली. त्या दिवशी १५ घोडे धावले आणि त्यांवरील १३ जॉकी कृष्णवर्णीय होते. ‘अॅरिस्टाइड्स’ हा विजयी घोडा विल्यमसनने तयार केलेला होता आणि त्याच्यावर ऑलिव्हर लुइस हा कृष्णवर्णीय तरुण स्वार होता. मालकाचा बेत खरे तर वेगळाच होता. अॅरिस्टाइड्सने प्रारंभी वेगाने धावून इतरांना दमवावे आणि त्याच मालकाच्या ‘चेसापीक’ ह्या दुसऱ्या घोड्याने शेवटी पुढे यावे, अशी ती योजना होती. चेसापीक मागेच राहिला आणि मालकाने लुइसला पुढे जाण्याची खूण केली. दुसऱ्याला वाट करून देण्यासाठी पाठवलेला स्वार पहिला आला. ह्या पहिल्या डर्बीपासून धरले तर पहिल्या २८ पैकी १५ डर्बी कृष्णवर्णीय जॉकींनी जिंकल्या आहेत.

आयझॅक मर्फी

ह्या सर्वांत उज्ज्वल नाव आयझॅक बर्न्स मर्फी ह्याचे. १८६१ मध्ये लेक्सिंग्टनजवळ, गुलामगिरी चालू असतानाच त्याचा जन्म झाला. त्याचे वडील स्वातंत्र्यासाठी उत्तरेच्या सैन्यात भरती झाले आणि सैन्यात असतानाच वारले. आई अमेरिका (हे तिचे नावच होते) लेक्सिंग्टनमध्ये लोकांचे कपडे धुऊन पोट भरू लागली. मुलगा चणीने लहान व वजनाने हलका होता. विल्यम्स आणि ओविंग्ज ह्या भागीदारांच्या पागेत त्याला कामाला धाडण्यात आले. तेथे ईलाय जॉर्डन नावाच्या कृष्णवर्णीय ट्रेनरने त्याला आपल्या हाताखाली घेतले.

असे सांगतात, की ज्या शिंगरावर त्याला प्रथम बसवले त्याने त्याला खाली फेकले आणि पोर पुन्हा बसायला तयार होईना. जॉर्डनने त्याला चुचकारून पुन्हा मांड ठोकायला लावली. जॉर्डनने त्याला आणखी एक गोष्ट शिकवली. ती म्हणजे वेळेचे भान. घड्याळ हाती नसताना घोडा किती वेगाने धावत आहे हे ओळखायचे आणि त्याची ताकद शेवटच्या टप्प्यासाठी राखून ठेवायची. पुढे मर्फीच्या डोक्यात घड्याळ बसवले आहे असे लोक म्हणू लागले, ते ह्यामुळेच. चाबूक आणि टाचेची आर तो फार थोडी वापरी. जिंकतानाही घोड्याला निष्कारण ताणायचे नाही, थोड्याच अंतराने का होईना पण जिंकायचे, ही त्याची पद्धत होती. १८७५ मध्ये त्याने पहिली शर्यत धावली. आजोळचे मर्फी हे आडनाव आईच्या इच्छेनुसार त्याने धारण केले.

मर्फीने १८८४, १८९० आणि १८९१ अशा तीन केंटकी डर्बी जिंकल्या. तिसऱ्या वेळचा ‘किंगमन’ हा घोडा विशेष उल्लेखनीय आहे, कारण त्याचा ट्रेनर व भागीदार मालक डडली अॅलन हाही कृष्णवर्णीय होता. स्वतः मर्फीच्या हिशेबाप्रमाणे त्याने १,४१२ शर्यतींत ६२८ विजय मिळवले. पुढे अभ्यासकांनी जुन्या नोंदी तपासल्या, तेव्हा त्यांना मिळालेले प्रमाण ह्याहून कमी आहे. तरीही ते तीन शर्यतींत एक विजय ह्याहून खाली जात नाही. जॉकींच्या जगात हे प्रमाण असामान्य मानले जाते. भरभराटीच्या दिवसांत तो वर्षाला १० हजार डॉलरहून अधिक कमावीत असे. लेक्सिंग्टनमध्ये त्याने मोठे घर घेतले. धुणावळीच्या मुलासाठी ही केवढी मजल होती! प्रामाणिक जॉकी म्हणून त्याचा लौकिक होता. जाणूनबुजून घोडा मागे ठेवण्यासाठी देऊ केलेले पैसे त्याने नाकारले, असे त्याचे समकालीन सांगत.

२५ जून १८९० रोजी न्यूयॉर्कजवळ शीप्सहेड बे येथे ‘साल्व्हेटर’ आणि ‘टेनी’ ह्या दोन घोड्यांची गाजलेली झुंज झाली. साल्व्हेटरवर मर्फी होता आणि टेनीवर गॅरिसन हा गोरा जॉकी. मर्फीने शेवटच्या क्षणी किंचितशा अंतराने बाजी मारली. त्यानंतर दोनच महिन्यांनी मॉनमथ पार्कच्या एका शर्यतीत तो घोड्यावर डोलू लागला व शेवटी खाली घसरला. तो प्यालेला होता असा गवगवा झाला आणि त्याला निलंबित करण्यात आले. मर्फीचे वजन हिवाळ्यात १३० पौंडांच्या वर जाई व हंगामाआधी उपाशी राहून ते उतरवावे लागे. ह्या छळाने तो अशक्त झाला होता, की कोणी त्याच्या पेयात काही मिसळले होते, ह्याचा वाद आजवर मिटलेला नाही. मात्र ज्या वृत्तपत्रांनी त्याला डोक्यावर घेतले होते, त्यांनी खात्री करून घेण्याचीही तसदी घेतली नाही. पुढल्या वर्षी त्याने डर्बी जिंकली खरी, पण त्याचे शरीर आणि लौकिक दोन्ही ढासळत गेले. १२ फेब्रुवारी १८९६ रोजी तो न्युमोनियाने वारला. तेव्हा तो जेमतेम ३५ वर्षांचा होता.

लेक्सिंग्टनमधील कृष्णवर्णीयांच्या दफनभूमीत त्याला पुरले. त्याच्या अंत्ययात्रेला शेकडो लोक जमले होते. पण काळाच्या ओघात त्याची कबर झाडाझुडपांत हरवली. १९६० च्या दशकात एका संशोधकाने तीन वर्षे शोध घेऊन ती हुडकून काढली. दरम्यान, १९५५ मध्ये राष्ट्रीय अश्वशर्यत संग्रहालयाच्या कीर्तिदालनात त्याला स्थान मिळाले होते. देशाने ज्याचा गौरव केला होता, त्याची कबर कोठे आहे हेच देशाला ठाऊक नव्हते.

दार बंद झाले

मर्फी वारला त्याच वर्षी, १८९६ मध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वंशानुसार वेगळे डबे, वेगळ्या जागा ही व्यवस्था कायदेशीर ठरवली. पागेतही तेच वारे शिरले. तोवर शर्यतींत पैसा फार वाढला होता. जॉकीला मानधन आणि मान मिळू लागला होता. जोवर हे काम चिखलाचे व लीदीचे होते तोवर ते कृष्णवर्णीयांनी करावे, ह्याला कोणाचीच हरकत नव्हती. त्यात सोने दिसू लागताच हरकती निघाल्या. १८९४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये जॉकी क्लबची स्थापना झाली आणि परवान्यांची सूत्रे थोड्यांच्या हाती एकवटली. १९०० च्या हंगामात न्यूयॉर्कच्या धावपट्ट्यांवर गोऱ्या जॉकींनी संगनमताने कृष्णवर्णीय स्वारांना कुंपणाच्या कठड्यावर रेटण्यास, त्यांच्या घोड्यांची कोंडी करण्यास व भर शर्यतीत त्यांना चाबूक हाणण्यास सुरुवात केली. असा धोका पाहून मालक त्यांना घोडे देईनासे झाले.

येथे एक कटू सत्य सांगितले पाहिजे. त्या गोऱ्या जॉकींमध्ये आयरिश स्थलांतरितांची मुले पुष्कळ होती, म्हणजे त्यांतील कित्येक आपल्याच ख्रिस्तसभेतील होते. त्यांचे आईबाप दुष्काळातून जीव मुठीत धरून आले होते. त्यांनीही हेटाळणी सोसली होती. तरी गरिबाने त्याहून गरिबाला बाहेर ढकलले. रविवारी मिस्सेला गुडघे टेकणारी काही पोरे सोमवारी दुसऱ्या आईच्या पोराला कठड्यावर रेटीत असतील, हा विचार अस्वस्थ करणारा आहे. हा दोष एका देशाचा वा एका जमातीचा नाही. वर चढलेल्या माणसाला खालची शिडी ओढून घेण्याचा मोह सर्वत्र होतो. आपल्या गावांत व आपल्या संस्थांतही होतो.

ह्याच काळातील आणखी एका बंद दाराची आठवण येथे होते. ऑगस्टस टोल्टन ह्यांचा जन्म १८५४ मध्ये मिसुरी राज्यात एका कॅथलिक गुलाम कुटुंबात झाला. मर्फीच्या वडिलांप्रमाणे त्यांचेही वडील उत्तरेच्या सैन्यात गेले व परतले नाहीत. आईने मुलांना घेऊन मिसिसिपी नदी ओलांडली आणि स्वातंत्र्य गाठले. टोल्टनना धर्मगुरू व्हायचे होते; पण अमेरिकेतील एकही सेमिनरी त्यांना घेईना. अखेर रोमने त्यांना जवळ केले आणि १८८६ मध्ये तेथे त्यांना गुरुदीक्षा मिळाली. १८९७ मध्ये, वयाच्या ४३ व्या वर्षी, शिकागोत त्यांचे निधन झाले. २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस ह्यांनी त्यांना ‘पूजनीय’ म्हणून घोषित केले. पागेचे दार आणि सेमिनरीचे दार एकाच समाजाच्या हातांनी बंद केलेले होते.

जिमी विंकफील्ड हा त्या पिढीतील शेवटचा मोठा जॉकी. १७ भावंडांतील हे शेंडेफळ १८८२ मध्ये केंटकीत जन्मले. तबेल्यातील कामापासून सुरुवात करून त्याने १९०१ आणि १९०२ अशा लागोपाठ दोन डर्बी जिंकल्या. १९०१ च्या त्याच्या घोड्याचे नाव होते ‘हिज एमिनन्स’! कार्डिनलसाहेबांना जी पदवी आपण आदराने लावतो ती घोड्याला मिळाली होती. स्वाराला मात्र साधा माणूस म्हणूनही वागवले जात नव्हते. धमक्या आल्या, काम मिळेनासे झाले आणि १९०४ मध्ये तो रशियाला गेला. तेथे त्याने मोठे नाव व धन कमावले. रशियन राज्यक्रांतीने ते सारे हिरावून घेतले. १९१९ मध्ये ओडेसाहून दोनशेहून अधिक घोड्यांचा तांडा हाकत तो आणि त्याचे सोबती पोलंडपर्यंत पोहोचले. वाटेत उपासमार टाळण्यासाठी काही घोडे मारून खावे लागले. पुढे फ्रान्समध्ये त्याने ट्रेनर म्हणून दुसरा संसार थाटला, तर दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी तबेला ताब्यात घेतला. १९४१ मध्ये तो अमेरिकेत परतला तेव्हा साठीला टेकलेल्या ह्या माणसाला पुन्हा पहिल्या पायरीवरून आरंभ करावा लागला: प्रथम रस्त्याच्या कामावर मजुरी, मग दुसऱ्याच्या पागेत चाकरी. दोन डर्बी जिंकणाऱ्याने पुन्हा फावडे हाती घेतले. युद्धानंतर काही वर्षांनी तो फ्रान्सला परत गेला.

१९६१ मध्ये लुइव्हिलमधील एका मोठ्या हॉटेलात डर्बीनिमित्त मेजवानी होती आणि विंकफील्डला तिचे निमंत्रण होते. दरवानाने त्याला व त्याच्या मुलीला पुढल्या दाराने आत सोडण्यास नकार दिला. बऱ्याच वेळाने त्यांना आत घेतले गेले. १९७४ मध्ये फ्रान्समध्ये तो वारला. कीर्तिदालनात त्याचे नाव लागले ते २००४ मध्ये. १९२१ नंतर केंटकी डर्बीत कृष्णवर्णीय अमेरिकन जॉकी पुन्हा दिसला तो २००० साली, म्हणजे ७९ वर्षांनी.

एक घोडा, दोन माणसे

कृष्णवर्णीय माणूस पागेतून पूर्णपणे गेला असे मात्र झाले नाही. वरच्या पायऱ्यांवरून त्याला खाली ढकलले. खालच्या पायरीवर त्याची गरज होतीच. खरारा करण्यासाठी आणि लीद उपसण्यासाठी तो हवाच होता.

१९७३ मध्ये ‘सेक्रेटेरिएट’ ह्या घोड्याने अमेरिकेतील तिन्ही महत्त्वाच्या शर्यती जिंकल्या. बेल्मॉन्टमध्ये तर त्याने दुसऱ्या घोड्याला ३१ लांबींनी मागे टाकले; त्याचा २ मिनिटे २४ सेकंदांचा विक्रम आजही मोडलेला नाही. त्याच्यावर स्वार होता रॉन टर्कॉट. कॅनडातील न्यू ब्रन्सविक प्रांतात, फ्रेंच भाषक कॅथलिक कुटुंबात, बारा भावंडांत तो वाढला. तेराव्या वर्षी शाळा सोडून बापाबरोबर जंगलात लाकूडतोडीला लागला. १९६० मध्ये कामाच्या शोधात टोरांटोला आला, पण तेथे काम मिळेना. त्याची लहान चण पाहून घरमालकाने सुचवले, की तू जॉकी का होत नाहीस? तो पागेत गेला आणि त्याच्या हाती दोर आला: तापलेले घोडे फिरवून निववायचे. तेरा वर्षांनी तोच मुलगा जगातील सर्वांत वेगवान घोड्यावर बसला होता. १९७८ मध्ये घोड्यावरून पडून त्याचे कमरेखालचे शरीर लुळे झाले; तरीही जखमी जॉकींसाठी तो आयुष्यभर मदत मिळवीत राहिला. २०२५ मध्ये त्याचे निधन झाले.

त्याच घोड्याचा मोतद्दार होता एडी स्वेट. दक्षिण कॅरोलिनातील हॉली हिल गावच्या एका गरीब कृष्णवर्णीय कुटुंबात जन्मलेला हा मुलगा शाळकरी वयातच ट्रेनर लॉरिन ह्यांच्या फार्मवर मजुरीला लागला. सेक्रेटेरिएटच्या पायांवरून रोज फिरणारे हात त्याचे होते. तो त्या घोड्याशी अखंड बोलत असे. घोडा त्याचा आवाज ओळखीत असे. टर्कॉट आणि स्वेट दोघेही तळापासून चढू लागले होते. एकाला वरची पायरी लाभली; दुसरा आयुष्यभर मोतद्दारच राहिला व १९९८ मध्ये फारशी माया न जमवता वारला. टर्कॉटचे कर्तृत्व ह्यामुळे तिळभरही उणे होत नाही. पण एकाच पागेतल्या ह्या दोन वाटा पाहिल्या म्हणजे शिडी कोणासाठी कोठपर्यंत उभी होती, हे समजते. केंटकीतील अश्वउद्यानात सेक्रेटेरिएटचा पुतळा आहे. पाठीवर टर्कॉट आहे आणि लगाम धरून पुढे चालणारा स्वेटही आहे. पुतळा उभारणाऱ्यांनी मोतद्दाराला वगळले नाही, ही समाधानाची गोष्ट होय.

आजचे चित्र

आज केंटकीच्या त्याच मागच्या आवारात स्पॅनिश भाषा कानी पडते. मेक्सिको, ग्वातेमाला अशा देशांतून आलेले स्थलांतरित आता लीद उपसतात, घोडे फिरवतात, खरारा करतात. त्यांतील पुष्कळ जण कॅथलिक आहेत. त्यांच्या खोल्यांत ग्वादालुपे मातेची तसबीर आढळते. परक्या भाषेत, हंगामी परवान्यावर, घरापासून हजारो मैल दूर ते राबतात. आखातात आणि जहाजांवर मुलगा पाठवलेल्या आपल्या कुटुंबांना हे दुःख समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

सुदैवाने काही दारे नव्याने उघडली आहेत. लुइव्हिलच्या चर्चिल डाउन्सच्या मागच्या आवारात कामगारांना इंग्रजी व त्यांच्या मुलांना शालेय पाठ शिकवणारे केंद्र २००४ पासून चालू आहे. रेसकोर्सवरील कामगारांची आध्यात्मिक सेवा करणारी ख्रिस्ती चळवळ १९७० च्या दशकाच्या आरंभापासून अमेरिकेत कार्य करीत आहे. आयर्लंडमध्ये किल्डेअर येथे १९७३ मध्ये उमेदवार मुलांसाठी शाळा निघाली. पागेत घोड्यांबरोबरच माणूसही वाढवावा लागतो, हे उशिरा का होईना उमगू लागले आहे.

ज्याला घोड्यांची ओढ आहे अशा तरुणाने पागेत जाऊ नये, असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. जनावराची सेवा हे निर्मळ काम आहे. आपला प्रभू गोठ्यात जन्मला. त्याला प्रथम पाहिले ते जनावरे राखणाऱ्यांनी. फावड्याने आरंभ करण्यात कसलाही कमीपणा नाही. मर्फीने केला, ब्राउनने केला, टर्कॉटनेही केला. खालून सुरुवात करणाऱ्याला वर जाण्याची वाट खुली आहे की नाही, एवढे मात्र आपण पाहिले पाहिजे. आपल्या घरी मोलकरीण येते, शेतावर मजूर येतो, दुकानात पोऱ्या येतो, चर्चच्या आवारात झाडूवाला येतो. त्यांचे नाव आपल्याला ठाऊक आहे काय? त्यांच्या हातातील कौशल्य आपण ओळखतो काय? त्यांचे मूल आपल्या मुलाच्या शेजारी त्याच बाकावर बसू शकते काय?

लेक्सिंग्टनच्या ईस्ट थर्ड स्ट्रीटवर आता आयझॅक मर्फीच्या नावाचे स्मृतिउद्यान उभे आहे. डर्बीचा विजेता घोडा दरवर्षी बदलतो आणि लोक गेल्या वर्षीचा विसरतात. धुणावळीच्या त्या मुलाला आणि त्याला पुन्हा घोड्यावर बसवणाऱ्या ईलाय जॉर्डनला मात्र आपण विसरू नये, एवढीच ह्या लेखामागची इच्छा.